गोळा कोणाला दाखवायचा

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९८१ साली, जालन्यात आमचा दवाखाना सुरू झाला. बाळंतपणे आणि बायकांच्या पोटाची ऑपरेशने हे त्याचे काम. बाळंतपणांबद्दल दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे. हा लेख गाठींबद्दल आहे. बीजांडकोशावर वाढणाऱ्या, बहुतेक वेळा साध्या, पण वाढू दिल्या तर पोट व्यापून टाकणाऱ्या गाठी. आमच्या भागात त्यांना एकच शब्द आहे, गोळा. बाईच्या पोटात गोळा आहे असे कळले की घरातले आधी घाबरतात, मग हिशेब करतात आणि मग विचारतात, "काढल्यावर आम्हाला दावताल ना?"

हे दाखवणे म्हणजे आमच्या धंद्यातला एक पक्का रिवाज. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी एका नातेवाइकाला बोलवायचे. चपला बाहेर, डोक्याला टोपी, अंगात गाऊन. ट्रेमध्ये गोळा ठेवायचा, कापून उघडायचा आणि काय होते ते दोन वाक्यांत सांगायचे. पुस्तकात हे कुठे लिहिलेले नाही. पण ज्या माणसाने आपल्या माणसाचे पोट आमच्या स्वाधीन केले, त्याला आत काय होते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. दवाखाना चालतो तो या दोन मिनिटांवर.

त्या काळात गावात सोनोग्राफी नव्हती. निदान हाताने करायचे. त्याचा पहिला नियम असा, की रबरी नळीने लघवी काढल्याशिवाय पोटावर हात ठेवायचा नाही. हा नियम किती मोलाचा आहे, हे आष्टीकडून आलेल्या एका बाईने पहिल्याच वर्षी शिकवले. तिच्याबरोबर चिठ्ठी होती, "पोटात मोठा गोळा, तातडीने ऑपरेशन". नवऱ्याने रक्त द्यायला जीप भरून भाऊबंद आणले होते. नळी घातली, बादली भरत गेली आणि गोळा सर्वांसमक्ष विरघळला. तीन महिन्यांची गर्भार होती, गर्भपिशवी मागे कलली होती आणि लघवी तुंबली होती, इतकेच. नवरा दाराशी आला.

"मंग गोळा कुठं हाये?"

"या बादलीत."

त्याने वाकून पाहिले. "एवढे माणसं रगत द्यायला आणले मी, डाक्टरीणबाई. आता त्यांना काय सांगू?"

"मुलगा होईल किंवा मुलगी होईल, असं सांगा."

खूश व्हावे की फसल्यासारखे दिसावे, हे त्याला ठरवता येईना. भाऊबंद मात्र रक्त न देता चहा पिऊन गेले आणि त्यांच्यामुळे त्या भागात दवाखान्याचे नाव झाले.

नळीनंतर ठोका. डाव्या हाताचे बोट पोटावर सपाट ठेवायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने त्यावर टिचकी मारावी तसे ठोकायचे. कणगीत धान्य कुठवर आहे हे शेतकरी बाहेरून ठोकून सांगतो, तसेच हे आहे. पोटात नुसते पाणी झाले असेल, तर ते कुशींकडे जाते. कुशींत आवाज बद्द येतो आणि मधे पोकळ. गाठ असेल तर उलट. ती मधे बसते आणि आतड्यांना कडेला ढकलते. मग मधे बद्द, कुशींत पोकळ. त्यानंतर आतून तपासणी. गर्भपिशवी वेगळी हाताला लागते का, गोळा हलवला की तीही हलते का. हे सगळे जुळले की निदान लिहायचे आणि पोट उघडल्यावर ते खरे ठरायची वाट पाहायची. आमची बहुतेक निदाने खरी ठरत. हे अभिमानाने लिहीत आहे.

पोटावरून चुकीचा अर्थ लोकच जास्त लावत. हसनाबादच्या अलीकडे एक खेडे आहे. तिथली गयाबाई आली ती कापूस वेचणीच्या दिवसांत. पस्तिशीच्या आतली, चार वर्षांपूर्वी नवरा गेलेला, आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, सुमन. घरात सासू कौसाबाई आणि दीर भानुदास यांचा संसार. गयाबाईला घेऊन आले होते ते हेच दोघे. खुर्चीवर बसला तो दीर.

"कितवा महिना हाये, तेवढं सांगा," तो म्हणाला. "बाकी आमचं आम्ही बघतो."

"पाळी येते का तिला?"

"ती म्हणती येती. दर महिन्याला बाहेर बसती बी. पण ते सोंग करून राह्यली ती. पोट दिसून राह्यलं ना आम्हाला. आंधळे हाओत का?"

कौसाबाई भिंतीला टेकून उभी होती.  पाळीच्या दिवसांत घराबाहेर बसणाऱ्या सुनेला भाकरी नेऊन देणारी तीच. तिला काही माहीत असायला हवे होते, पण पोट तिलाही दिसत होते.

भानुदासने पुढचे सांगून टाकले. महिने कळले की गयाबाई माहेरी, बदनापूरकडे, जाईल. सुमन त्यांच्याकडे राहील. "आमच्या भावाची पोरगी हाये. असल्या बाईपाशी कशी ठेवावी?"

त्याला बाहेर पाठवले. कौसाबाईलाही. टेबलावर झोपल्यावर गयाबाई पहिल्यांदा बोलली.

"बाई, मी काय केलं अन् काय न्हाई केलं ते मला ठाऊक हाये. पोटात काय हाये ते तेवढं ठाऊक न्हाई."

नळी घातली. गोळा जागचा हलला नाही. बेंबीच्या वर दोन बोटे. मधे बद्द, कुशींत पोकळ. दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे सरकवता येत होता, कणकेच्या उंड्यासारखा मऊ-जड. बाळाच्या हृदयाचे ठोके नाहीत, हातपाय लागत नाहीत. आतून गर्भपिशवी वेगळी, लहान आणि कठीण. लघवीची तपासणीही गर्भ नाही असेच सांगत होती. भानुदासला ते सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मुतावर कोणाचा भरवसा, डाक्टरीणबाई?"

मग पोटाचा एक्स-रे काढला. त्या पोटात एवढे मोठे मूल असते, तर त्याचा कणा आणि डोके फिल्मवर स्वच्छ उमटले असते. तसे काही नव्हते. पण उजवीकडे खाली दोन लहान, पांढऱ्याशुभ्र सावल्या होत्या. आकार असा, की चौथीतल्या पोरानेही ओळखावा. दात.

फिल्म मी पाकिटात घालून ठेवली आणि भानुदासला दाखवली नाही.

वाचकांना इथे थोडे थांबवून सांगणे भाग आहे. बीजांडकोशातल्या बीजात शरीराचा कोणताही भाग घडवण्याची ताकद असते. कधी कधी पुरुषाचा काही संबंध नसताना एखादे बीज आपल्या आपणच वाट चुकते आणि भलतेच घडवू लागते. चरबी, कातडी, केस, कधी हाड, कधी दात. त्यातून मूल कधीच होत नाही. लग्न न झालेल्या मुलींत ही गाठ सापडते, परकरातल्या पोरींत सापडते. आम्ही तिला डरमॉइड म्हणतो. ती बहुतेक साधी असते, काढली की बाई बरी होते. डॉक्टरच्या दृष्टीने ही बातमी चांगली. गयाबाईच्या दृष्टीने याहून वाईट गाठ सापडली नसती. जिच्या पोटात मूल आहे असे गाव म्हणत होते, तिच्या पोटातून केस आणि दात निघणार होते.

तिला एकटीला बसवून सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"मंग तुम्ही कोणाला दावताल?"

"तुझ्या भावाला बोलावून घेऊ. आणि कापून दाखवायलाच पाहिजे असं नाही. वरून दाखवू."

"न्हाई," ती म्हणाली. "भाऊ माझाच हाये, त्याचं कोण ऐकल? आत्याबाईला दावा, माझ्या सासूला. अन् कापून दावा. न कापता दावला तर म्हणतील, आत लेकरू हुतं म्हणून झाकून नेलं."

"केस दिसतील त्यांना."

"दिसू द्या. झाकलेलं मला नगं."

दिराने सहीला नकार दिला. गयाबाईने स्वतःचा अंगठा उठवला.

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन केले. छातीखालचे अंग बधिर होते, माणूस जागा असतो. छातीवर आडवा पडदा. छेद बेंबीखाली उभा घेतला आणि नंतर बेंबीच्या वर वाढवला, कारण अशी गाठ पोटात फुटू द्यायची नसते. आतली चरबी सांडली तर आतड्यांना जाळते. लहान छेदातून ओढून काढणे हे कौशल्य नव्हे. गोळा अखंड बाहेर आला, टरबुजाएवढा, पिवळट, गुळगुळीत. त्याचा देठ दोन चिमट्यांत धरून कापला आणि बांधला. दुसरा बीजांडकोश हातात घेऊन पाहिला. निरोगी होता, तो ठेवला. गर्भपिशवी पेरूएवढी. दोन्हींना जागच्या जागी सोडले. माझ्या हातांनी केलेल्या कामांपैकी हे एक नीटनेटके काम होते.

पोट शिवून झाल्यावर कौसाबाईला दाराशी बोलावले. तिच्यामागे भानुदासही घुसला. सिस्टर त्याला अडवणार होत्या. मी राहू द्या म्हटले. जे व्हायचे ते त्याच्यासमोर झालेले बरे होते. गयाबाई पडद्याआड टेबलावर होती, जागी.

ट्रेमध्ये गोळा ठेवून सुरी फिरवली. आतून थिजलेल्या तुपासारखी चरबी आली, आणि तिच्यात गुरफटलेले केस. काळे, लांब. भिंतीला एक कठीण उंचवटा होता, त्यात दोन दात.

भानुदास पुढे वाकला. "बघ आई," तो म्हणाला. "केस. दात. आता बोल."

कौसाबाईने पदर तोंडाला लावला.   त्या खोलीत एका बाईचे घर आणि तिची मुलगी पणाला लागली होती, आणि ती बाई पडद्याआड सगळे ऐकत होती.

चिमट्याने एक दात सोडवला, सलाइनमध्ये धुतला आणि गॉजवर ठेवून कौसाबाईच्या तळहातावर दिला.

"आजी, हे काय आहे?"

तिने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला. "दाढ हाये."

"तुमची किती लेकरं?"

"सात झाले. पाच जगले."

"दाढ घेऊन कोण जन्माला आलं?"

कौसाबाईने दाढ बोटांत फिरवली. मग ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलावे तशी बोलली. "पह्यले खालचे दोन येतात. दाढ तर लेकरू चालाया लागल्यावर." तिने ट्रेकडे पाहिले. "हात कुठं हाये?"

"नाही."

"पाय? डोस्कं?"

चिमट्याने गोळा पूर्ण उलगडून दाखवला. "नाही, आजी."

"वार? नाळ?"

"नाही."

तिने हात पुढे केला. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिले, मी मानेने हो म्हटले. कौसाबाईने एक केस दोन बोटांत धरून ओढला. तो येतच राहिला, वीतभर, मग दीड वीत.

"एवढे केस सुमीला पाचव्या वर्षी आल्ते," ती म्हणाली आणि मुलाकडे वळली. "भान्या, तुझ्या बायकोचे चारी बाळंतपणं मी केले. लेकरू कसं असतं ते मला नको शिकवू. ह्याच्यात लेकरू न्हाई. हो बाहेर."

"आई, पण दात—"

"बाहेर हो म्हणलं ना."

तो गेला.  पडद्याच्या दिशेने कौसाबाईने एवढेच म्हटले, "गया, निजून राह्य." मग तिने मला विचारले, "ही दाढ मी नेऊ का?"

गाठ तपासणीला औरंगाबादला जायची होती. एका दाढेने काही बिघडणार नव्हते. तिने ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. पुढे हसनाबादकडून येणाऱ्या बायका सांगत, की कौसाबाई पाणवठ्यावर, पिठाच्या गिरणीत, लग्नाच्या मांडवात, कोणी सुनेविषयी तोंड उघडले की पदराची गाठ सोडते आणि विचारते, "हे काय हाये, सांग. तुझं कोणचं पोरगं दाढ घेऊन आल्तं?"

तिसऱ्या दिवशी टाके पाहायला गेले तेव्हा गयाबाई उशीला टेकून बसली होती.

"बाई, सगळ्यांनी बघितलं. माझ्याच पोटातलं अन् मलाच न्हाई दावलं."

तिचे म्हणणे बरोबर होते. गोळा फॉर्मालिनच्या बरणीत होता, अजून रवाना झाला नव्हता. बरणी आणून तिच्यासमोर ठेवली. तिने ती फिरवून फिरवून पाहिली. राहिलेला दात काचेला लागून दिसत होता.

"दात ह्याला हायेत," ती म्हणाली, "अन् चावून राह्यले माणसं."

सिस्टर हसल्या. गयाबाई मात्र हसली नाही, टाके ओढत होते म्हणून असेल. औरंगाबादचा अहवाल आला. गाठ साधी होती. गयाबाई स्वतःच्या घरी परत गेली, सुमनपाशी. तिच्या त्या तक्रारीनंतर आमच्या दवाखान्याचा रिवाज बदलला. पाठीतल्या इंजेक्शनवर ऑपरेशन असेल, तर गोळा आधी त्या बाईला दाखवायचा, मग दाराशी. भूल दिलेली असेल तर शुद्धीवर आल्यावर. पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याने याला अघोरी प्रकार म्हटले होते. आमच्या बायकांना तो कधी अघोरी वाटला नाही. एकीने तर स्वतःचा गोळा पाहून, "एवढ्यासाठी मी दोन वर्षं वाकून चालले?" असे विचारले आणि रागावून तोंड फिरवले.

नव्वदच्या दशकात सोनोग्राफीचे यंत्र आले. गाठ पाण्याची की घट्ट, देठाला पीळ आहे का, हे पडद्यावर दिसू लागले. त्याआधीच्या काही पोरी आठवतात. गाठीला पीळ पडून पोटात कळा येत असताना, बेंबी सरकली म्हणून घरी पोट चोळत ठेवलेल्या. आमच्याकडे पोचेपर्यंत बीजांडकोश काळा पडलेला असे आणि काढून टाकण्यापलीकडे काही उरत नसे. यंत्र आणि रस्ते दोन्ही दहा वर्षे आधी आले असते, तर त्यांतले काही वाचले असते. दुसरीकडे नव्या मुलामुलींना पोटावर ठोका मारता येत नाही, याचेही वाईट वाटते. वीज गेली की ते खुर्चीत बसून राहतात.

यंत्र आल्यावर काही वर्षांनी कौसाबाई आली, यावेळी स्वतःसाठी. पोट फुगले होते. सत्तरीकडे झुकलेली, तोंडात दात उरले नव्हते. बरोबर गयाबाई होती, बाहेर जीपपाशी भानुदास. सोनोग्राफीत पाण्याची मोठी गाठ दिसली. या वयात गाठ साधीच असेल असे धरून चालता येत नाही, म्हणून तिला फोटो दाखवून समजावू लागले. तिने तो हातातही घेतला नाही.

"फोटोत काय बघू? काढल्यावर दावा."

"आधी तुम्हालाच दाखवणार, आजी. आता तसा नियम आहे."

"मला चष्म्याबिगर दिसत न्हाई. गयाला बोलवा."

भानुदास दाराशी आला होता. "आई, मी येतो की."

"तू मागच्या टायमाला बघितलं ते पुरे झालं."

पुन्हा पाठीत इंजेक्शन, छातीवर पडदा, मोठा छेद, अखंड काढलेली गाठ. पातळ भिंतीची, आत स्वच्छ पाणी, कुठेही घट्ट भाग नाही. तिचाही अहवाल पुढे चांगला आला. पण तो यायचा होता तेव्हा, टाके अर्धे झाले असताना, सहायकाच्या हाती काम देऊन ट्रे घेऊन दाराशी गेले. गयाबाई टोपी आणि गाऊन घालून उभी होती. केस पांढरे होऊ लागले होते. गाठ कापली, पाणी वाहून गेले. ती वाकून बारकाईने पाहत होती, सासूने पाहिले होते तसेच.

पडद्याआडून आवाज आला. "काय हाये गं?"

"पाणी हाये नुसतं, आत्याबाई."

"दात?"

"दात न्हाईत. तुमच्या तोंडात बी न्हाईत, मंग इथं कुठून येतील?"

टेबल हलू लागले. सहायकाने सुई वर धरली. म्हातारी हसत होती.

"आजी, हसू नका, टाके घालायचेत," मी म्हटले. "गयाबाई, आता तुम्ही बाहेर चला."

हसू थांबले. पडद्याआडून कौसाबाई म्हणाली, "राहू द्या तिला. बाहेर नका काढू."

नियम दोन मिनिटांचा होता. शेवटचा टाका पडेपर्यंत गयाबाई दाराशी उभी होती.